आधी वही, मग विळा : गावाकडच्या जुन्या दफनभूमींविषयी वाचकांचे प्रश्न

पाऊस उघडून रान वाळायला लागलं की जुन्या दफनभूमींबद्दलची पत्रं वाढतात. दिवाळीत मुंबई-पुण्याची मुलं गावी येतात, घाणेरीत बुडालेल्या समाध्या आणि कबरी त्यांच्या नजरेला पडतात आणि ‘आता काहीतरी करू या’ असं ठरतं. ही ओढ मला फार मोलाची वाटते. म्हणूनच या वेळची उत्तरं जरा सविस्तर आहेत. एका रविवारच्या उत्साहात जे पुसलं जातं, ते पुन्हा कुणालाही उभं करता येत नाही.

प्रश्न : आमच्या शिवेवर जुनी दफनभूमी आहे. लिंगायत घराण्यांच्या समाध्या, एका गोसाव्याची मोठी समाधी, कडेला पाच-सहा वीरगळ (पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) आणि सतीचे दगड. तरुण मंडळाने ठरवलंय की झाडी जाळून जागा साफ करायची, दगडांना ऑइलपेंट द्यायचा आणि सिमेंटचा चौथरा बांधून वीरगळ ओळीने उभे करायचे. सुरुवात कुठून करावी? (माण तालुका, सातारा)

सुरुवात या तिन्ही गोष्टी थांबवण्यापासून करा.

आग लावली की गवत अर्ध्या तासात जातं, पण आपला काळा दगड त्या धगीने वरचा पापुद्रा सोडतो. कोरीव काम त्या पापुद्र्यातच असतं. ऑइलपेंटने दगडाची छिद्रं बुजतात, आत मुरलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि दोन-चार पावसाळ्यांत रंगासकट दगडाची कपची निघते. सिमेंटचं तर काय सांगावं! त्यातले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात आणि पृष्ठभाग भुगा होऊन गळू लागतो. शिवाय चौथऱ्यात वीरगळ रोवला की त्याचा खालचा हातभर भाग कायमचा गाडला जातो. वीरगळ वाचायचा असतो खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई आणि वीराचं पडणं, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, वर तो शिवलिंगापुढे बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. माणूस कशासाठी मेला, ढोरं सोडवताना की गावावरच्या धाडीत, हे तळाच्या चौकटीतच कळतं. तीच आपण सिमेंटमध्ये बुडवतो.

पहिलं काम वहीचं. एक जाड बांधणीची वही घ्या. विहीर, मंदिराचा कोपरा असा न हलणारा एक बिंदू ठरवा आणि तिथून टेपने मोजत कच्चा नकाशा काढा. प्रत्येक दगडाला कागदावर क्रमांक द्या. दगडावर खडूनेसुद्धा नाही, कागदावरच. मग क्रमांकागणिक लांबी-रुंदी-उंची, दगड काळा की जांभा की संगमरवर, तोंड कोणत्या दिशेला, काय कोरलं आहे, कुठे फुटलं आहे, अक्षरं असली तर ओळ जिथे तुटते तिथेच तोडून जशीच्या तशी. फोटो आधी सगळ्या जागेचा, मग दगडाचा चारही बाजूंनी, मग तपशिलाचा. शेजारी मोजपट्टी हवी. फोटोचा क्रमांक वहीत आणि वहीतला फोटोच्या नावात. एवढं झालं की तुमची नोंद शंभर वर्षांनीही कुणाच्या उपयोगी पडेल.

एक आग्रह धरतो. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांचे रकाने वेगळे ठेवा. ‘ही अमक्या पाटलाची समाधी’ हे दगडावर लिहिलेलं नसेल, तर ते कुणी सांगितलं, त्याचं वय काय, कोणत्या दिवशी सांगितलं, हे ऐकीव रकान्यात जाऊ द्या. ऐकीव माहिती कमी दर्जाची नसते. पण दोन्ही एकत्र कालवली की पुढच्या माणसाला कशावरच भरवसा ठेवता येत नाही.

सफाई त्यानंतर. वाळलेलं गवत विळ्याने कापा, उपटू नका. दगडांच्या सांध्यात पिंपळ किंवा वड रुजला असेल तर ओढू नका. मुळांबरोबर अख्खा थर बाहेर येतो. बुंधा कापून ठेवा आणि पुन्हा फुटवा आला की पुन्हा कापा. दगडाला फक्त स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, काथ्या, साबण, काहीच नको. दगडफूल म्हणजे ती करडी-पिवळी बुरशी घट्ट बसली असेल तर तशीच असू द्या. खरवडताना तिच्याबरोबर दगडही सुटतो. आणि बूट घालून, हातात काठी घेऊन जा, दगडाखाली फुरसं असतं.

वीरगळ आडवा पडलेला असेल तर त्याच जागी उभा करता येतो. पण त्यासाठी राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाचा सल्ला घ्या. एखाद्या वीरगळाला गाव म्हसोबा किंवा वीर म्हणून शेंदूर लावत असेल, तर तो शेंदूर काढायला जाऊ नका. तिथे पूजा चालू आहे, म्हणूनच तो दगड आजवर टिकला.

आणि लिंगायत घराण्यांना, गोसाव्याच्या मठाशी नातं सांगणाऱ्यांना आधी विचारलंत का? तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. त्यांची माणसं तिथे आहेत. पहिली बैठक त्यांच्या ओट्यावर व्हायला हवी.

प्रश्न : समाधीवरची अक्षरं झिजली आहेत. पीठ किंवा खडूची भुकटी चोळली की ती उठून दिसतात असं एका व्हिडिओत पाहिलं. करावं का? आणि ‘शके’ दिसतं पण एक आकडा गेला आहे. (अंबाजोगाई)

पीठ नको, खडू नको, हळद नको, राख नको. पिठावर बुरशी धरते आणि मुंग्या येतात. खडू छिद्रांत बसतो तो बसतोच. अक्षर उठवायचं काम उजेडाचं आहे. हिवाळ्यात सकाळी ऊन तिरपं असतं, तेव्हा जा. दगडाचं तोंड उत्तरेला असेल तर घरातला मोठा आरसा घेऊन जा आणि बाजूने दगडाला घासून जाईल असा कवडसा पाडा. नाहीतर अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरा आणि हळूहळू फिरवत फोटो काढत राहा. दिवसा सपाट दिसणारा दगड रात्री बोलायला लागतो. हा अनुभव एकदा घ्याच. शाई लावून कागदावर ठसा घेणं हे मात्र शिकलेल्या माणसाचं काम आहे.

आता आकडा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र तिथी पौष-माघ-फाल्गुनातली असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषात झाली, म्हणजे जानेवारी १७६१ मध्ये. शकाच्या पुढे बहुतेकदा संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असतं, आणि पुसलेला आकडा शोधायला तेच कामी येतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, बाकी १४, चौदावा संवत्सर विक्रम. आता समजा दगडावर ‘शके १६’, मग खड्डा, मग ‘२’ आणि पुढे ‘विक्रम नाम संवत्सरे’ आहे. दहा शक्यतांपैकी दोनच उरतात : १६२२ आणि १६८२. तिथीबरोबर वारही दिला असेल तर जुन्या पंचांगावरून त्यातला एक पक्का करता येतो.

मराठवाड्यात आणि देशावर इतरही सन भेटतील. शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवा, फसली असेल तर साधारण ५९०. हिजरी वर्ष चांद्र आहे, त्यामुळे सरळ बेरीज चालत नाही. हिजरीच्या दर शंभर वर्षांची सौर ९७ धरा आणि ६२२ मिळवा. एखाद्या वर्षाच्या फरकाने उत्तर येतं. कबरीवर फारसी किंवा अरबी लेख असेल तर चांगले फोटो घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूरच्या शाखेला लिहा. अरबी-फारसी लेखांचं काम तिथेच चालतं.

प्रश्न : माझे आईवडील लहानपणी इस्राएलला आले. पणजोबांची कबर रायगडच्या एका गावात आहे एवढंच ठाऊक आहे. आडनाव गावावरून पडलेलं. इथून शोध कसा घ्यावा? (अश्दोद, इस्राएल)

तुमचं पत्र वाचून मन भरून आलं. बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची रायगडमधली दफनस्थानं ही कोकणच्या इतिहासातली फार नाजूक कडी आहे. फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात बायका नवगावच्या किनाऱ्याला लागल्या आणि बुडालेल्यांना तिथेच मूठमाती मिळाली, अशी समाजाची परंपरा. अलिबागजवळच्या नवगावला त्याचं स्मारक आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणून ही माणसं गावोगाव ओळखली जात. केहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर अशी आडनावं म्हणजे गावांची यादीच. १९४८ नंतर बहुतेक घरं उठून गेली. कबरी मागे राहिल्या.

आडनावाने मूळ गाव कळतं, पण पणजोबा तिथेच पुरले असतील असं धरून चालू नका. एकोणिसाव्या शतकापासून या समाजातली माणसं फौजेत, रेल्वेत, दवाखान्यांत नोकरीला लागली आणि मुंबई, पुणे, कराचीपर्यंत पसरली. आधी त्यांची नोकरी कुठे होती ते घरात विचारा. पेन्शनचं एखादं पुडकं असेल तर फारच उत्तम.

नाव शोधताना दोन्ही रूपं लक्षात ठेवा. घरात तुम्ही सॅम्युअल म्हणत असाल तर गावच्या कागदात समाजी असेल. इसाकचं इसाजी, दाविदचं दाऊदजी, यहेज्केलचं हसाजी. मराठी कागदांत ‘सॅम्युअल’ शोधत बसलेल्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही, आणि समाजी तिथे समोर असतो.

पुढची चौकशी अलिबागच्या इस्राएल आळीतल्या मागेन अवोथ सिनेगॉगकडे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाकडे) किंवा रेवदंड्याच्या बेथ एलकडे करा. तिथे मोजकीच घरं उरली आहेत, पण कोणत्या गावच्या दफनस्थानाची वाट कुठून जाते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. गावात कुणी पोचलं तर शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायला सांगा. कितीतरी ठिकाणी ‘इस्राएलांची जागा’ कोणती हे गावाला अजून माहीत आहे.

कबर सापडली तर दगडावर बहुधा हिब्रू, मराठी आणि कधी इंग्रजी असं सगळं एकाखाली एक मिळेल. हिब्रू वर्षात अक्षरंच आकडे असतात आणि पाच हजार बहुतेकदा गाळलेले असतात. तव म्हणजे ४००, रेश २००, सामेख ६०; मिळून ६६०, म्हणजे ५६६०. त्यातून ३७६० वजा केले की १९००. तारीख हिब्रू नववर्षापासून डिसेंबरपर्यंतची असेल तर ३७६१ वजा करा. हे तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्यासाठी फोटो काढणाऱ्या गावातल्या मुलांसाठी लिहितो आहे. त्यांच्यासाठी आणखी एक : कबरीवर ठेवलेले लहान खडे कचरा म्हणून उचलू नका. कुणीतरी येऊन गेल्याची ती खूण असते. आणि ज्या कबरीवर एकही अक्षर नाही, नुसता जांभ्याचा चिरा आहे, तिचाही फोटो घ्या आणि जागा नकाशावर मांडा. जुन्या पिढ्यांच्या कबरी अशाच असण्याची शक्यता जास्त.

एक विनंती. इस्राएलमध्ये तुमच्या आईवडिलांच्या वयाची जी मंडळी आहेत, त्यांच्याकडून गावाची वर्णनं मराठीतच ध्वनिमुद्रित करून घ्या. ‘विहिरीपासून पूर्वेला, चिंचेच्या अलीकडे’ एवढं एक वाक्य इथे कुणाला तरी थेट कबरीपाशी नेऊ शकतं.

प्रश्न : दापोलीजवळच्या जुन्या इंग्रजी थडग्यांवरच्या संगमरवरी पाट्या काळ्या पडल्या आहेत. फरशीचं ॲसिड वापरून एक पाटी धुतली, छान निघाली. बाकीच्या धुवाव्यात का? (रत्नागिरी जिल्हा)

नाही. संगमरवर ॲसिडमध्ये विरघळतो. पाटी ‘छान निघाली’ म्हणजे तिचा वरचा थर वाहून गेला आणि त्याबरोबर अक्षरांची धारही. पुढच्या पावसाळ्यात ती आधीपेक्षा लवकर काळी पडेल, कारण पृष्ठभाग आता खरखरीत झाला आहे. त्या पाटीवर भरपूर साधं पाणी ओता आणि ती सोडून द्या. ज्या पाट्यांत शिशाची अक्षरं बसवलेली आहेत त्यांना ब्रशही जपून. शिसं गळून गेलं असलं तरी त्यासाठी पाडलेली बारीक भोकं उरतात आणि त्यांवरून अक्षर वाचता येतं, तेव्हा ती बुजवू नका.

या थडग्यांचा कागद मिळण्याची शक्यता चांगली आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या दफननोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवणारी एक ब्रिटिश संस्था १९७६ पासून काम करते आहे, तिचे कागदही तिथेच आहेत.

प्रश्न : रस्ता रुंद होतोय, त्यात जुन्या दफनभूमीचा कोपरा जातोय. शेजारचा शेतकरी म्हणतो की जागा त्याच्या सातबाऱ्यावर आहे. खरंच तसं असू शकतं का? (कोपरगाव)

असू शकतं, आणि तरीही ती दफनभूमी असू शकते. सातबाऱ्यावर पोटखराबा पाहा. पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. ‘अ’ म्हणजे खडक, नाला अशी शेतीला निरुपयोगी जमीन. ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा, दफन किंवा दहनाची जागा अशी सार्वजनिक कामाची. गटात ‘ब’ पोटखराबा असेल तर तुमच्या बाजूने तो फार भक्कम पुरावा आहे. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा आणि त्या सर्वे नंबरचं टिप्पण, फाळणी (जुन्या मोजणीचे कागद) यांच्या नकला काढा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्वे नंबरचे गट झाले तेव्हा बऱ्याच खुणा नव्या नकाशावर आल्या नाहीत, म्हणून जुनाच नकाशा मागा. विदर्भातले वाचक असतील तर त्यांनी गावचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या सामाईक जागा आणि हक्कांच्या नोंदी) पाहावं. मुस्लिम कब्रस्तान असेल तर वक्फ मंडळाच्या नोंदी आणि राजपत्रातली यादी तपासा.

रस्त्यासाठी संयुक्त मोजणी होईल त्या दिवशी हजर राहा. हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि सोबत तुमच्या वहीतल्या नकाशाची प्रत जोडा. मोजणी होऊन गेल्यावर घेतलेली हरकत आणि त्या दिवशी घेतलेली हरकत यांत फार अंतर पडतं. ग्रामसभेचा ठराव असेल तर तुमचं पारडं जड होतं. दफनस्थानात घुसून नातलगांच्या भावना मुद्दाम दुखावणं किंवा प्रेताची विटंबना करणं हा भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या. पण शेजाऱ्याशी बोलणी गुन्ह्याच्या भाषेत सुरू करू नका. त्याचे आजोबाही कदाचित तिथेच असतील.

प्रश्न : आमच्या वस्तीच्या दफनभूमीत एकही कोरीव दगड नाही. डोक्याशी आणि पायाशी एकेक धोंडा, बस्स. गावातले लोक म्हणतात, यात जपण्यासारखं काय आहे? (दलित वस्ती, लातूर जिल्हा)

सगळं आहे. ज्यांना जिवंतपणी गावाबाहेर ठेवलं, त्यांच्या मरणाचा दगडही कोरला गेला नाही. म्हणून त्यांची नोंद आधी व्हायला हवी. वीरगळाचा फोटो कुणी ना कुणी काढेलच. तुमच्या धोंड्यांसाठी तुमच्याशिवाय कुणी येणार नाही.

पद्धत तीच, फक्त भर नकाशावर आणि माणसांवर. प्रत्येक धोंड्याची जोडी टेपने मोजून कागदावर मांडा. ओळी आहेत का, दिशा एक आहे का, लहान अंतराच्या जोड्या एका कोपऱ्यात आहेत का, ते बघा. त्या बहुधा लेकरांच्या असतात. मग वस्तीतल्या वयस्क बायकांना त्या जागी घेऊन जा. घरी बसून विचारलं तर ‘आठवत नाही’ म्हणतील. जागेवर उभं राहिलं की पाय आपोआप वळतात. बाळंतपणात गेलेली जाऊ, सर्पदंशाने गेलेला दीर, कुठे कोण, ते बायकांना अधिक लक्षात असतं.

आणि कागद तुमचाही आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकं असतात, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४. जिथे ती टिकली आहेत तिथे मेलेल्याचं नाव, तारीख आणि मरणाचं कारण सापडतं. पटकी, देवी, ताप असं साध्या शब्दांत. जुन्या बुकांची लिपी मोडी असू शकते, वाचणारा माणूस गाठावा लागेल. तुमचा भाग निझामच्या राज्यातला, तेव्हा जुनं दप्तर उर्दूतही असेल. प्लेगची वर्षं किंवा १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांच्या पानांवर नावांची रीघ दिसली, तर नकाशावरच्या दाटीशी ती ताडून पाहा. कुठला धोंडा कुणाचा हे प्रत्येक वेळी जुळणार नाही. पण इथे कोण पुरलं गेलं त्यांची यादी हाती येते, आणि ती यादी ग्रामपंचायतीत, शाळेत आणि जिल्हा ग्रंथालयात अशी तिन्हीकडे ठेवा.

खणू मात्र नका. खाली काय आहे हे बघायचं कारणच नाही.

प्रश्न : एक सुंदर वीरगळ शेतात एकटा आहे. चोरी होईल म्हणून देवळात आणून ठेवला तर चालेल का? आणि त्याचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकावं का? (जुन्नर)

हलवू नका. तो जिथे आहे ते ठिकाण हाच त्याच्या अर्थाचा निम्मा भाग. जुना घाट, शीव किंवा गाव उठलेली पांढरी (जुन्या गाववस्तीची जागा) जवळपास असेल तर तोच धागा असतो. देवळाच्या भिंतीला टेकवलेल्या दगडाला तो उरत नाही. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. त्यामुळे चोरीविरुद्ध सगळ्यात मोठी ढाल म्हणजे चारही बाजूंचे तारीखवार फोटो आणि मापं. चोरीला गेलेली वस्तू तुमचीच हे त्याशिवाय सिद्धच होत नाही.

फोटो जरूर टाका. नेमकं ठिकाण टाकू नका. तालुक्याचं नाव पुरे. गुप्तधनाच्या नादाने समाध्या आणि वीरगळ उखडणारे लोक आजही फिरतात आणि अमावास्येच्या आसपास अशा जागी ताजे खड्डे दिसतात. तसा खड्डा दिसला तर बुजवण्याआधी फोटो घ्या आणि पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळवा. ज्याच्या शेतात वीरगळ आहे त्या शेतकऱ्याला नोंदीची एक प्रत द्या आणि त्याचा फोन नंबर तुमच्याकडे ठेवा. रात्री गाडीचा आवाज पहिला ऐकू येणार तो त्यालाच.